भिंतीचा वाटा

सौदीत मी शेतीचं काम करते म्हटलं की आमच्या सोलापूरकडची माणसं आधी हसतात. "वाळूत काय पेरता, खजूर?" असं विचारतात. खजूर तिकडं पूर्वेला, हुफूफकडं. ती जमिनीतल्या पाण्यावरची बागायत. माझं काम त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, नैर्ऋत्येच्या डोंगरात. तिथं पाऊस पडतो, धुकं उतरतं, उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी शाल लागते. डोंगराच्या उतारावर दगडी भिंती घालून पायऱ्या केलेल्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर लोक ज्वारी करतात. होय, ज्वारी. मंगळवेढ्याच्या बाजूला वाढलेल्या बाईला सौदी अरेबियात नोकरी लागली ती ज्वारीमुळं, आणि हे मी न विचारताही सांगते.

आले होते नवऱ्याच्या मागं. संजय रियाधला बँकेच्या आयटीत. माझी कृषी पदवी कपाटात, मी स्वयंपाकघरात, आणि इकाम्यावर, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्यावर, शिक्का 'अवलंबित'. लेक शाळेत जायला लागल्यावर एका सल्लागार कंपनीची जाहिरात दिसली. कोरडवाहू शेतीतला अनुभव हवा आणि बाई हवी. बाई अशासाठी की डोंगरातली निम्मी शेती बायकांच्या हातात आणि कंपनीतले सगळे पुरुष. ते वर्षभर गावोगावच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, कॉफी पिऊन परत येत होते. मी अर्ज केला. माझी अरबी रियाधच्या भाजीबाजारात शिकलेली, तिच्यात शेतीपेक्षा घासाघीसच जास्त होती. तरी घेतलं त्यांनी.

कामाचं नाव मोठं होतं: लहान कोरडवाहू शेतकऱ्यांचं सक्षमीकरण. हा शब्द मी आजवर एकाही शेतकऱ्यासमोर उच्चारलेला नाही. प्रत्यक्षात काम असं की लोकांच्या पायऱ्या पडीक पडू द्यायच्या नाहीत, बियाणं घरचं टिकवायचं, आणि पिकलं ते चार घरांनी मिळून विकायचं. रियाधमध्ये बसून हे सगळं कागदावर फार सोपं दिसतं. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण आपल्याकडं कुणी काढली माहीत नाही, पण उंटांच्या देशात ती रोज आठवायची.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक अबू हादी म्हणून म्हातारबा होते. त्यांच्या शेतात माकडं यायची, बबून, टोळीच्या टोळी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "मुहंदिसा, तुमच्या योजनेत माकडांना नोकरी देता येते का बघा. माझी पोरं शहरात गेली. शेतावर सकाळी वेळेवर येतात ती हीच." मुहंदिसा म्हणजे इंजिनीयर बाई. मी इंजिनीयर नाही हे सांगून सांगून थकले, मग सोडून दिलं.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची ते गाव ढगात बुडालेलं. नाव सांगत नाही, कारण पुढं भांडण आहे आणि भांडणारी माणसं अजून तिथंच राहतात. गावात उम्म सालेह, म्हणजे सालेहची आई, या नावानं ओळखली जाणारी बाई. नवरा गेलेला, वय साठीच्या पुढं, डोक्याला पिवळा रुमाल आणि त्यावर विणलेली गवताची रुंद टोपी. तिच्या तीन पायऱ्या. एकुलता मुलगा सालेह रास तनुराला रिफायनरीत, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या कडेला. तो दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, आई, खाली ये, एसीत राहा. ती म्हणायची, पेरणी झाली की बघू. पेरणी झाली की कापणी, आणि कापणी झाली की पुन्हा पेरणी.

ही शेती कशी चालते ते इथं सांगायला हवं. पाऊस पडतो तो उघड्या कातळावर. ते पाणी वरून पहिल्या पायरीत येतं. भिंतीमागं माती असते, ती पिऊन घेते. पोट भरलं की उरलेलं पाणी भिंतीच्या कडेला ठेवलेल्या सांडव्यातून खालच्या पायरीत उतरतं, तिथून त्याच्या खाली. म्हणजे खालच्याचं पाणी वरच्याच्या हातात आणि वरच्याची माती भिंतीच्या हातात. वरची भिंत फुटली की दगड, गाळ, पाणी सगळं खालच्याच्या उरावर येतं आणि मग एकेक करत सगळी ओळ डोंगराखाली जाते.

उम्म सालेहच्या वरची पायरी तिच्या नवऱ्याच्या पुतण्याची. त्याचं नाव मन्सूर. जिद्दाला गाड्यांचे सुटे भाग विकायचा. बाप गेल्यापासून तो डोंगरावर फिरकला नव्हता. त्याच्या भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं, आणि कोरड्या दगडाच्या भिंतीला पोट सुटलं की ती किती दिवसांची सोबती हे शेतकऱ्याला बरोबर कळतं.

म्हटलं, हे तर सोपं काम आहे. योजनेत भिंती दुरुस्त करायची तरतूद होतीच. गवंडी पाठवले. ते दोन दिवस गावात राहिले, पोटभर जेवले आणि एक दगड न हलवता परत आले. मी मजलिसमध्ये विचारलं. "इन्शाल्ला," शेख म्हणाले. शेख म्हणजे गावचे वडीलधारे, पांढरी दाढी, डोळे मात्र मिश्कील. पुन्हा गवंडी पाठवले, पुन्हा तेच. आमचा जॉर्डनी मॅनेजर रियाधहून फोनवर ओरडत होता की या लोकांना मदतच नको आहे, खलास, दुसरं गाव बघा.

तेव्हा मी मजलिस सोडली आणि मागच्या दारानं आत गेले.

स्वयंपाकघर कुठलंही असो, खरी बातमी तिथंच असते. उम्म सालेह तव्यावर ज्वारीची भाकरी टाकत होती. आपल्यापेक्षा जाड आणि आंबवलेली. पण तो वास नाकात गेला आणि मला आईची चूल आठवली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. अंबाडीची भाजी असती तर बरं झालं असतं असं काहीतरी मराठीतच पुटपुटले.

"खाला," मी विचारलं. खाला म्हणजे मावशी. "तुमच्यावर पडणारी भिंत कुणी दुरुस्त का करू देत नाही?"

तिनं भाकरी उलटली. "आमच्याकडं पडक्या भिंतीला पहिला दगड जो लावतो, जमीन त्याची धरतात. आजोबा-पणजोबांपासून असंच आहे. गवंडी तुझे असले तरी त्यांना घेऊन येणारा गावचा कुणीतरी असणारच. उद्या मन्सूर म्हणेल, काकीनं माझी जमीन खाल्ली. त्याचा बाप आणि माझा नवरा सख्खे भाऊ. हे ऐकायला मला जगायचं नाही."

"मग मन्सूरला सांगा, त्यानं यावं."

"तो फोन उचलत नाही. सालेहचं आणि त्याचं वाजलंय." मग ती माझ्याकडं वळून बसली. "हे बघ बेटी. ढग यायला लागलेत. या पावसात ती भिंत माझ्या शेतात येणार. शेत गाडलं गेलं तर मी पेरणार कुठं? आणि पेरलं नाही तर सालेहला काय सांगू? तो न्यायला येईल आणि मला जावं लागेल. तिथं माझ्या खिडकीतून काय दिसणार? दुसऱ्याची खिडकी."

असं सगळं त्या एका भिंतीवर येऊन ठेपलं होतं. गवंडी होते, पैसा होता, दगड तर तिथंच पडले होते. हात लावायला माणूस नव्हता.

मला हे कळायला अवघड गेलं नाही. बांध म्हणजे काय ते मंगळवेढ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. माझे वडील आणि काका बांधावरून बोलायचे बंद झाले ते शेवटपर्यंत. एकाच अंगणात दोन चुली, दोन दारं, आणि मधून आम्ही पोरं निरोप नेणार. बांध कुणी कोरला ते देव जाणे. दोघंही गेले. बांध अजून तसाच अर्धा फुटलेला आहे. पावसाळ्यात माती ओढ्याला जाते, आणि चुलतभाऊ दत्ता आणि मी दोघंही शहाण्यासारखे गप्प बसतो. दुसऱ्याच्या देशात भिंती उभ्या करायला निघालेली ही बाई.

परतीच्या वाटेवर मी हे सगळं इक्बालभाईंना सांगितलं. इक्बालभाई आमचे ड्रायव्हर, दापोलीकडचे, सौदीत आयुष्य गेलेलं. गाडीत आमची मराठी चालायची. त्यांची कोकणी वळणाची, माझी सोलापुरी. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं गडग्याचं अगदी असंच. दगडावर दगड ठेवलेला गडगा, पण हात लावलात तर डोकी फुटतात. माझ्या मामांचा गडगा पडला होता. शेवटी मशिदीतल्या परगावच्या मौलवींना बोलावून पहिला दगड ठेवायला लावला. ते बिहारचे. त्यांना आमच्या गावची जमीन काय चाटायची होती?"

मी म्हटलं, "गाडी थांबवा."

"पुढं वळण आहे मॅडम."

"वळण संपल्यावर थांबवा आणि मागं फिरवा."

शेख अजून मजलिसमध्येच होते. आजूबाजूला दहा-बारा पुरुष. मी दारातच उभी राहिले आणि विचारलं, "ज्या माणसाला ही जमीन कधीच घेता येणार नाही, त्यानं पहिला दगड लावला तर?"

शेखांनी कॉफीचा छोटा पेला खाली ठेवला.

"असा माणूस कोण?"

"मी."

"तुझा इकामा आहे?"

"आहे."

"कुणाच्या नावावर?"

"आधी नवऱ्याच्या नावावर होता. आता कंपनीच्या."

"नोकरी संपली की?"

"की सामान बांधायचं."

"घर?"

"भाड्याचं."

शेखांच्या दाढीत हसू पसरलं. "वल्लाह, म्हणजे या डोंगरावर तुझ्याइतकं बिनजमिनीचं कुणीच नाही. माकडांचासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त हक्क आहे." सगळी मजलिस हसली. मीही हसले, पण खरं सांगते, कुठंतरी लागलंही. इतकी वर्षं या देशात काढली आणि माझी लायकी काय, तर माझं इथं काहीच नाही ही. मग शेख गंभीर झाले. "लाव. तुझ्या दगडावर कुणी बोट ठेवणार नाही. मन्सूर आला तर मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. पुरुष वाटेवर, बायका गच्चीवर. गवंड्यांनी पोट सुटलेला भाग काळजीपूर्वक उतरवून पाया मोकळा केला होता. मला आपलं वाटलेलं, एखादा हातात मावेल असा दगड ठेवायचा, उद्घाटनाला नारळ फोडतात तसा. शेखांनी बोट दाखवलं तो पायाचा दगड होता. माझे गुडघे आधीच दुखरे.

"हा नको, तो छोटा देऊ का?" इक्बालभाई हळूच म्हणाले.

"तोच द्या. नाहीतर उद्या म्हणतील, हिंदी बाईनं खडा ठेवला." तिथं भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात.

मदत चालणार नव्हती. दुसऱ्याचा हात लागला तर हक्क त्याचा. मी पायघोळ अबाया कमरेला खोचला, पहारीनं दगड लोटत, ढकलत, एकदा त्याच्यावर बसून दम खात, पायापर्यंत नेला. इक्बालभाई लांबून सांगत होते, "तोंड आत करा मॅडम, उतार आतल्या बाजूला." शेवटी तो बसला. जरासा तिरका, एक कोपरा बाहेर. गच्चीवरून बायकांनी जिभेनं तो लांब थरथरता आवाज काढला, लग्नात काढतात तसा. माझा हात सालपटला होता, पाठीत उसण भरली होती, आणि आयुष्यात कुठल्याही पदवीदानाला वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या क्षणी वाटत होता.

मग काय, वाटेवरचे सगळे पुरुष बाह्या सरसावून उतरले. कामाची भीती त्यांना कधीच नव्हती. मोठ्या दगडांच्या फटीत लहान दगड, मागं खडी, मध्ये पाणी झिरपायला जागा. सांडवा पुन्हा नीट बांधला. पाऊस आला तेव्हा मी रियाधला होते. उम्म सालेहनं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. धो-धो आवाज, धुकं, आणि सांडव्यातून गढूळ पाण्याची जाड धार तिच्या शेतात उतरतेय. मागून तिचा आवाज, देवाचं नाव घेणारा. चार दिवसांनी तिनं मातीची मूठ आवळून, उघडून दाखवली. वाफसा आला होता. मी लेकीला तो व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ वॉल." मी म्हटलं, "हो बाई, भिंतच आहे."

मन्सूरला मात्र बातमी लागली. कुणीतरी जिद्दाला फोन करून सांगितलं की तुझ्या भिंतीला हात लागला. किती कळवलं, काय कळवलं, देव जाणे. तो आला तेव्हा ज्वारी ऐन हुरड्यात होती आणि मी योगायोगानं गावातच होते. म्हणजे अगदी योगायोग नाही. हुरडा आहे हे कळल्यावर मी कामाच्या तारखा बदलल्या होत्या आणि सोबत शेंगाची चटणी घेऊन गेले होते.

उम्म सालेहनं शेताच्या कडेला निखारे केले होते. तेवढ्यात पांढरी गाडी वरच्या वाटेला थांबली. मन्सूर उतरला, चाळिशीचा, इस्त्रीचा पायघोळ थोब, चेहरा लाल. कुणाला सलाम न करता सरळ आपल्या भिंतीवर जाऊन उभा राहिला. शेख काठी टेकत निघाले. गच्च्यांवर डोकी दिसू लागली. मला वाटलं, आता सुरू. एकाच अंगणात दोन चुली.

उम्म सालेहनं वर पाहिलंसुद्धा नाही. एक कणीस निखाऱ्यावर फिरवलं, हातावर झटकलं, आणि ते घेऊन भिंतीच्या कडेच्या दगडांवरून वर चढायला लागली. तिथली रीत अशी की पहिलं भाजलेलं कणीस वरच्या भिंतीच्या मालकाचं. पाणी त्याच्या पायरीतून येतं म्हणून हा भिंतीचा वाटा. मन्सूरचा बाप गेल्यापासून घेणारं कुणी नव्हतं, तरी ती दर वर्षी ते कणीस भिंतीवर ठेवून यायची. माकडं न्यायची. तिचं म्हणणं, मी दिलं ना, कुणी खाल्लं ते मी का बघू?

तिनं कणीस त्याच्यापुढं धरलं. "तुझ्या भिंतीचा वाटा. तुझ्या बापालाही मीच द्यायचे."

तो घेईना. "काकी, माझ्या भिंतीला पहिला दगड कुणी लावला?"

"हिंदी बाईनं."

"कुठल्या?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. मी हातात चटणीची बरणी घेऊन उभी होते. मन्सूर खाली उतरला आणि पायाशी वाकला. तिरका दगड त्याला लगेच सापडला, सापडणारच होता. त्यानं बाहेर आलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"हा वाकडा बसलाय," तो म्हणाला.

"माझे गुडघे वाईट आहेत," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"एकटीनं लावलास?"

"एकटीनंच लावायचा होता ना?"

त्यानं त्या कोपऱ्यावरची माती अंगठ्यानं झटकली. शेख मागं येऊन थांबले, पण त्यांना बोलावं लागलं नाही. मन्सूर उठला, वर गेला, काकीच्या हातातून कणीस घेतलं आणि तिच्या कपाळाला ओठ टेकले. मोठ्यांना तिथं तसंच भेटतात. मग पुन्हा खाली आला आणि ते कणीस माझ्यापुढं धरलं.

"वाटा भिंतीच्या मालकाचा असतो," तो म्हणाला. "जमीन माझी आहे. भिंत मी बांधली नाही."

मी कणीस घेतलं. दाणे हातावर चोळले, चटणी लावली, त्यालाही दिली. त्याला ती झेपली नाही, डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तरी समजून घेतलं की चटणीनंच आलं. जाताना तो काकीला म्हणाला, "पुढच्या वेळी वरची पायरीही तूच पेर."

उम्म सालेह अजून डोंगरावरच आहे. सालेह रास तनुराहून सुट्टीत येतो आणि आईच्या हाताखाली काम करतो. तिच्या घरी आता गावातल्या बायकांचं बियाणं साठवलेलं असतं आणि चार घरांची ज्वारी एकत्र विकली जाते. त्या वर्षानंतर आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी आली. जिद्दा-रियाधला गेलेल्या मालकांच्या पडक्या भिंती काही कमी नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला दगड लावायला हवी असते हिंदी बाई. कंबरेला पट्टा बांधून जाते. मॅनेजर आता हे स्वतःच्या कल्पनेतून निघालं असं सांगतो, सांगू दे. आमच्या मंगळवेढ्याच्या बांधावर मात्र अजून कुणी परका मौलवी किंवा हिंदी बाई आलेली नाही. ती खंत आहे.

आणि दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत इक्बालभाई डोंगरावरून रियाधला येतात तेव्हा त्यांच्यासोबत उम्म सालेहनं पाठवलेली एक पिशवी असते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक हिरवं कणीस. पहिल्यांदा आलं तेव्हा लेकीनं ते हातात धरून उलटंपालटं पाहिलं.

"व्हॉट इज धिस?"

"आपल्या भिंतीचा वाटा."

"बट आई, वी डोन्ट ओन एनीथिंग देअर."

"हो," मी म्हटलं, आणि गॅस पेटवून कणीस भाजायला घेतलं.